डर्ट जंप सायकलची फ्रेम : स्टील घ्यावी की ॲल्युमिनियम? सोलापुरातल्या मुलांसाठी सविस्तर मार्गदर्शन

फ्रेमला तडा गेलेला मला आधी दिसला नाही. तो हाताला लागला.

रविवारची सकाळ होती. विजापूर रोडच्या बाजूला मित्राच्या शेताच्या बांधालगत आम्ही डर्ट जंपसाठी, म्हणजे मातीच्या चढावरून सायकल हवेत उडवायला, मुरूम टाकून उड्यांचे ढिगारे रचले आहेत. आदल्या संध्याकाळी तिथे खेळून आलो होतो आणि सायकल उलटी करून धूळ पुसत होतो. पुसायला आपल्याकडे घरोघरी असतो तसा विरलेला टेरी टॉवेल होता. हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी आखूड नळी) खाली, जिथे डाउन ट्यूब (पेडलकडे उतरणारी तिरकी नळी) येऊन जुळते, तिथे टॉवेलचा एक फासा अडकला आणि सर्रकन ओढला गेला. वाटलं, रंगाचा पोपडा असेल. नख फिरवलं तर नख अडलं. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा वेल्डच्या कडेने केसाएवढी बारीक काळपट रेघ दिसली.

फ्रेम ॲल्युमिनियमची होती. मी ती आर्गन वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने मोत्याची सर ओवावी तसं सुरेख वेल्डिंग करून दिलं. तीन आठवड्यांनी अगदी छोट्या उडीवरून उतरताना फ्रेम तिथेच दुभंगली. वेल्ड शाबूत होतं. बोटभर अंतरावरची नळी तुटली होती. माझ्या हनुवटीला सहा टाके पडले. वेल्डरचं काही चुकलं नव्हतं, त्याचं काम चोख होतं. ॲल्युमिनियम तापल्यावर त्याचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी पोरगं फ्रेम घ्यायला निघालं की मी सोबत जातो. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, ॲल्युमिनियम लै हलकं असतंय की, मग स्टील कशाला?" त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर इथे लिहितो आहे. जो धातू थकला की तुम्हाला ओळखता येईल आणि मोडला तर तुमच्या गावात नीट होईल, तो घ्यावा, असं माझं मत आहे. ते का, हे एकेका पायरीने पाहू.

पायरी १ : तुम्ही नेमकं काय खेळता ते लिहून काढा

"डर्ट जंप" म्हटलं तरी त्यात चार वेगळे खेळ येतात. कोणी पंप ट्रॅकवर, म्हणजे मातीच्या लहान उंचवट्यांच्या वाटेवर, लाटांवरून पळवतो. कोणी टेबलटॉप, म्हणजे वरून सपाट असलेला ढिगारा मारतो. मधली जागा भरलेली असल्याने उडी तोकडी पडली तरी निभावून जातं. कोणी गॅप, म्हणजे मधे मोकळी जागा असलेली उडी मारतो, तिथे तोकडी पडली की पुढचं चाक समोरच्या मातीत घुसतं. आणि कोणी पायऱ्या, कट्टे, सिमेंटचे उतार शोधत हिंडतो.

फ्रेमचा जीव उंचीने कमी जातो, उतरण्याने जास्त जातो. नीट उतार असलेल्या लँडिंगवर उंचावरून आलेली सायकल अलगद घसरत खाली येते. सपाट सिमेंटवर अर्ध्या मीटरवरून आपटलेली सायकल त्याहून मोठा धक्का खाऊ शकते. म्हणून तुमच्या लँडिंगला उतार आहे की नाही, हे आधी लिहा.

मग मोजणी करा. एका संध्याकाळी ६० उड्या, आठवड्यातून ४ दिवस, वर्षाचे ५० आठवडे धरले तर वर्षाला १२,००० उतरणी होतात. हा आकडा पुढे लागणार आहे. तुमचं वजन लिहा, वय लिहा, अजून उंची वाढते आहे का तेही लिहा.

इथेच एक इशारा. दुकानात "एमटीबी" म्हणून मिळणारी गिअरची सायकल म्हणजे डर्ट जंप सायकल नव्हे. डर्ट जंपची सायकल बुटकी असते, चाकं बहुधा २६ इंची, मागे सस्पेन्शन नाही, पुढे १०० मिलिमीटरच्या आसपास खेळ असलेला फोर्क (जुने मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात तो), गिअर एकच आणि पुष्कळदा ब्रेकही फक्त मागचा. कित्येक कंपन्या फ्रेमवर किंवा पुस्तिकेत वापराचा वर्ग छापतात. एएसटीएम एफ २०४३ या अमेरिकी मानकात वर्ग ३ म्हणजे साधारण ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, वर्ग ४ म्हणजे १२२ सेंटिमीटरपर्यंत, आणि वर्ग ५ त्याच्या पुढचा. साध्या एमटीबीच्या वॉरंटीत उड्या आणि स्टंट बहुधा वगळलेले असतात. पुस्तिकेतली ती बारीक ओळ पैसे देण्याआधी वाचा.

पायरी २ : धातूचं पूर्ण नाव विचारा

"स्टील आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. दुकानात स्टील या एका नावाखाली दोन फार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली हाय-टेन, म्हणजे साधं कार्बन पोलाद. आपल्या रोजच्या सायकलींना हेच असतं आणि त्या कामाला ते उत्तम आहे. पण उड्यांची ताकद त्यातून काढायची तर नळ्या जाड कराव्या लागतात आणि फ्रेम धोंडा होते.

दुसरी क्रोमोली. तिचा नंबर ४१३०. लोखंडात ०.८ ते १.१ टक्के क्रोमियम, ०.१५ ते ०.२५ टक्के मॉलिब्डेनम आणि सुमारे ०.३ टक्के कार्बन. विमानांचे नळ्यांचे सांगाडे वेल्ड करायला हीच मिश्रधातू वापरत आले आहेत. ताकद जास्त असल्याने नळीची भिंत मिलिमीटरपेक्षाही पातळ ठेवता येते. चांगल्या नळ्या बटेड असतात, म्हणजे टोकांना जाड आणि मधे पातळ. ताण सांध्यावर येतो म्हणून धातूही तिथेच जास्त ठेवलेला असतो.

खरी फसगत पुढे आहे. "क्रोमोली" असं स्टिकर लावलेल्या काही फ्रेममध्ये फक्त डाउन ट्यूब क्रोमोलीची असते. काहींमध्ये फ्रेमचा पुढचा त्रिकोण क्रोमोलीचा आणि मागचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांचा, हाय-टेनचा असतो. लोहचुंबक इथे उपयोगाचा नाही, तो दोन्हींना चिकटतो. विचारायचा प्रश्न एकच : "फुल क्रोमोली आहे का, मागच्या त्रिकोणासकट?" उत्तर कंपनीच्या तपशिलात लिहिलेलं दाखवायला सांगा. नुसती फ्रेम तीन किलोच्या पुढे गेली तर मला शंका येते. वजनकाटा सोबत न्या. बॅगा तोलायचा हातकाटा पुरतो.

ॲल्युमिनियममध्येही दोन नंबर वारंवार भेटतात. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, ७००५ मध्ये मुख्यतः जस्त. ६०६१ ची फ्रेम वेल्ड झाल्यावर पूर्ण भट्टीत तापवून, विझवून (झटक्यात गार करून), पुन्हा कमी तापमानावर मुरवावी लागते; तेव्हा तिला टी-६ ही अवस्था येते. ७००५ ला तेवढा खटाटोप लागत नाही, ती मुरवण्यावर भागते. दोन्हींच्या चांगल्या फ्रेम होतात. उदाहरण हवं तर मरीन कंपनीची अल्काट्राझ ६०६१ ॲल्युमिनियमची आहे आणि डीएमआरची सेक्ट ४१३० क्रोमोलीची. दोन्ही नावाजलेल्या डर्ट जंप सायकली आहेत. तेव्हा चांगली कंपनी कोणता धातू वापरते यावरून निकाल लागत नाही.

आणि स्पष्टच सांगतो, हाय-टेन आणि चांगलं ॲल्युमिनियम यांत निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून ॲल्युमिनियम घ्या. या लेखात पुढे मी स्टील म्हणेन तेव्हा फुल क्रोमोलीच समजा.

पायरी ३ : धातू थकतो कसा

बांधकामावरची बाइंडिंग तार हाताने तोडायची असेल तर आपण ती ओढत नाही, वाकवतो. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. दहा-वीसदा वाकवली की तुटते. एका झटक्यात जो धातू हलणार नाही, तो वारंवारच्या छोट्या ताणाने हरतो. याला धातूचा थकवा म्हणतात आणि सायकलच्या फ्रेम बहुतेक यानेच जातात. मघाशी मोजलेल्या १२,००० उतरणी म्हणजे सांध्याला १२,००० वेळा दिलेला छोटा पीळ.

इथे दोन धातूंचा स्वभाव वेगळा आहे. पोलादाला सहनशक्तीची एक रेषा असते. ताण त्या रेषेच्या खाली राहिला तर कितीही वेळा दिला तरी थकव्याचा तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी रेषाच नाही. ताण कमी असेल तर आयुष्य खूप लांबतं, पण प्रत्येक धक्का कुठेतरी जमा होत राहतो.

याचा अर्थ ॲल्युमिनियमच्या फ्रेम पटकन मोडतात असा घेऊ नका. हा स्वभाव इंजिनिअरांना पक्का ठाऊक असतो, म्हणून ते नळ्या जाड आणि मोठ्या व्यासाच्या करतात, सांध्यांना आधारपट्ट्या लावतात, आणि मग ती फ्रेम वर्षानुवर्षं टिकते. पण ती किती थकली आहे हे बाहेरून कळत नाही. नवी असताना जशी वाटते तशीच तडा जायच्या आदल्या दिवशीही वाटते.

क्रोमोली बहुधा आधी सांगते. जोराच्या धडकेत ती वाकते, नळीला हेड ट्यूबजवळ सुरकुती पडते, चाक तिरकं चालायला लागतं. तडा गेला तरी तो सहसा हळूहळू वाढतो, आणि कडेला गंजाची लालसर रेघ येते ती रंगावर उठून दिसते. वेल्ड खराब असेल तर स्टीलही अचानक तुटू शकतं, तेव्हा तपासणी दोघांनाही चुकत नाही.

बीएमएक्सकडे, म्हणजे लहान चाकांच्या सायकलींच्या खेळाकडे पाहिलं की हे लगेच पटतं. फ्रीस्टाइल बीएमएक्स, म्हणजे सिमेंटवर आपटणं, रेलिंगवर घासणं, रोज पडणं. तिथल्या फ्रेम जवळपास सगळ्या ४१३० क्रोमोलीच्या. रेसिंग बीएमएक्स, म्हणजे पहिल्या तीन सेकंदांत कोण पुढे जातो. तिथे ॲल्युमिनियम आणि कार्बन. एकाच घरातले दोन खेळ. रेसिंग २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिकमध्ये आलं, फ्रीस्टाइल टोकियोत. आणि धातूची निवड दोन टोकांची. तुमची संध्याकाळ यांतल्या कोणत्या खेळासारखी जाते ते बघा.

पायरी ४ : वजनाचा आणि कडकपणाचा हिशोब

पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे तेवढ्याच आकाराचा तुकडा जवळजवळ तिप्पट जड. पण पोलाद ॲल्युमिनियमच्या तिप्पट ताठही असतं. त्यामुळे नुसत्या धातूच्या पातळीवर फिटंफाट होते आणि फरक पडतो तो नळीच्या व्यासाने. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो; ॲल्युमिनियमच्या नळ्या फुगीर असतात त्या यासाठी. परिणाम असा की ॲल्युमिनियमची फ्रेम हलकीही होते आणि पायाखाली कडकही लागते.

किती हलकी? क्रोमोलीची डर्ट जंप फ्रेम साधारण २.३ ते २.८ किलो भरते, ॲल्युमिनियमची १.८ ते २.३. अर्धा किलो धरा. पूर्ण सायकल १२-१३ किलोची असताना ७० किलोच्या माणसाला हा अर्धा किलो जाणवत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. ४५ किलोच्या मुलाला मात्र जाणवतो. हवेत सायकल फिरवताना, बार-स्पिन (हवेत हँडल गरकन फिरवणं) करताना, बनी हॉपला (जागेवरून सायकल उचलून मारलेली उडी) मागचं चाक उचलताना त्याच्या अंगात तेवढी ताकद नसते. लहान आणि हलक्या मुलांसाठी ॲल्युमिनियमच्या बाजूचं सगळ्यात खरं कारण हेच.

"स्टील मऊ चालतं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. थोडं खरं आहे. पण जाड टायर आणि फोर्क धक्क्याचा मोठा भाग आधीच गिळतात. टायरमधली हवा ५० वरून ४५ पीएसआय केली की हाताला जेवढा फरक कळतो, तेवढा धातू बदलून कळणं कठीण. मऊपणासाठी फ्रेम निवडू नका, पंप वापरा.

पायरी ५ : सोलापूरची हवा, माती आणि मिस्त्री

स्टीलवरचा मोठा आक्षेप गंजाचा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा वेगळीच. तिथे मी हा विचार दहादा केला असता. सोलापूर अवर्षणाच्या पट्ट्यात आहे. वर्षातले आठ महिने हवा कोरडी. इथे गंज बाहेरून फारसा येत नाही, बहुधा नळीच्या आत साचलेल्या पाण्याने येतो, आणि त्यावर उपाय सोपा आहे, तो पुढे सांगतो. उन्हाची भीतीही नको. ४३-४४ अंशांत फ्रेम हाताला चटका देते, पण त्या तापमानाने दोन्ही धातूंच्या ताकदीला काही होत नाही.

माती हा खरा विषय आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या काळ्या मातीची लिप, म्हणजे उडीचा चढ, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उकलते. म्हणून आम्ही गाभ्याला काळी माती आणि वर विहिरीतून निघालेला मुरूम घेतो, पाणी मारून धुम्मसाने ठोकतो. वाळल्यावर ती दगडासारखी होते. पडल्यावर सायकल अशाच दगडी पृष्ठभागावर आपटते. क्रोमोलीच्या पातळ नळीला तिथे पोचा येतो. नळीच्या मधोमध उथळ पोचा असेल तर ती बहुधा चालते. ॲल्युमिनियमच्या जाड नळीला सहसा पोचा येत नाही, पण तिच्यावर खोल ओरखडा उठतो, आणि तो वेल्डजवळ असेल तर तडा सुरू व्हायला तेवढी जागा पुरते. ओल्या काळ्या मातीत खेळूच नये. चाक आणि चेन स्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) यांच्या फटीत तिचा गोळा बसतो आणि रंग खरवडून धातू उघडा करतो.

आता मिस्त्री. हा भाग मी टाके घालून घेऊन शिकलो आहे.

ट्रॉली, नांगर, लूमचे सुटे भाग यांमुळे सोलापुरात वेल्डिंगचा हात मोठा आहे. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले आहेत, आर्गन करणारेही मिळतात. क्रोमोलीला तडा गेला तर ती इथे दुरुस्त होऊ शकते. पण मिस्त्रीला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, साधं आर्क वेल्डिंग नको. मिलिमीटरपेक्षा पातळ नळीत जाड रॉडने भोक पडतं. आर्गन करा किंवा पितळेचं गॅस वेल्डिंग करा. दोन, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, रंग पूर्ण खरवडून, मगच सांधा भरा. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, वेल्ड झाल्यावर पाणी ओतू नका. आपल्याकडे सवय असते, गरम काम झालं की बादलीतलं पाणी मारायचं. साध्या पोलादाला ते चालून जातं. क्रोमोली अशी झटक्यात थंड केली की तो भाग कडक आणि ठिसूळ होतो. सावलीत, वारा न लागता, आपोआप निवू द्या. मी मिस्त्रीच्या शेजारी उभा राहतो आणि बादली स्वतःच लांब नेऊन ठेवतो.

ॲल्युमिनियमचं तसं होत नाही. ६०६१ ला टी-६ ची ताकद भट्टीत मिळालेली असते. वेल्डच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचा पट्टा ती ताकद गमावतो, साधारण निम्मी. वेल्ड कितीही देखणं असो, शेजारची नळी मऊ पडलेली असते, आणि माझी फ्रेम तिथेच तुटली. ती ताकद परत आणायची तर पूर्ण फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून, विझवून, वाकली तर सरळ करून, मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास मुरवावी लागते. एका फ्रेमसाठी एवढं करून देणारं इथे मला कोणी भेटलेलं नाही. ७००५ काही आठवड्यांत आपोआप थोडी ताकद परत मिळवते, तरी उड्यांसाठी मी तिच्यावर विसंबणार नाही. ॲल्युमिनियमला तडा म्हणजे फ्रेम बाद. वॉरंटी असेल तर कंपनीकडे पाठवा, नसेल तर सोडून द्या.

पायरी ६ : मग घ्यायची कोणती?

तुम्ही शिकत असाल, रोज पडत असाल, वजन ६० किलोच्या पुढे असेल, लँडिंग कच्ची असतील आणि दरवर्षी फ्रेम बदलण्याइतके पैसे घरात नसतील, तर फुल क्रोमोली घ्या. जुनी मिळाली तरी क्रोमोलीच घ्या. सोलापुरातल्या बहुतेक मुलांना मी हेच सांगतो.

मुलगा हलका असेल, उड्या नीट जमत असतील आणि आता हवेतल्या करामती शिकायच्या असतील, नवीन फ्रेम पावती आणि वॉरंटी यांसह मिळत असेल, आणि तडा दिसल्या दिवशी ती टाकून द्यायची मनाची तयारी असेल, तर ॲल्युमिनियम घ्या, ती छानच चालते. पंप ट्रॅकवर तर मला स्वतःलाच ती आवडते. पाय मारला की लगेच पुढे सरकते.

जुनी, पावती नसलेली, आधी कोणी किती आपटली हे ठाऊक नसलेली ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. या एका बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. तिच्या पोटात किती उतरणी जमा झाल्या आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणि पूर्ण बजेट फ्रेमवर घालू नका. फुल फेस किंवा निदान कान-मानेपर्यंत झाकणारं हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड यांचे पैसे आधी बाजूला काढा.

पायरी ७ : मापं आणि सुटे भाग

धातू ठरला तरी फ्रेम तुमच्या बाकीच्या भागांशी जुळायला हवी. हेड ट्यूब सरळ आहे की खाली रुंद होणारी, त्यावर फोर्क ठरतो. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) आट्यांचं, बीएसए मापाचं असेल तर दुरुस्तीला सोपं; बीएमएक्सच्या मिड किंवा स्पॅनिश मापाचं असेल तर बेअरिंग बाहेरून मागवावं लागण्याची तयारी ठेवा. मागचा ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो ती खाच) आडव्या खाचेचा हवा, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. एक्सल १३५ बाय १० मिलिमीटरचा आहे की १४२ बाय १२ चा, ते हब घेण्याआधी मोजा. टायर बसवून चेन स्टेच्या दोन्ही बाजूंना करंगळी फिरते का बघा. सीट पोस्टचा (सीटखालच्या दांडीचा) व्यास फ्रेमवर किंवा जुन्या पोस्टवर कोरलेला असतो. अंदाजाने घेऊ नका.

पायरी ८ : जुनी फ्रेम हातात घेऊन तपासताना

उन्हात उभे राहा. विकणाऱ्याला सांगा, "पुसून बघतो." आणि खरंच पुसा, धूळ बसलेली फ्रेम कधी घेऊ नका. टेरी टॉवेलचा किंवा कापसाचा बोळा सांध्यांवरून हळूच फिरवा. क्रम असा ठेवा : हेड ट्यूबची खालची बाजू, आधारपट्टीची टोकं, सीट ट्यूबची (सीट पोस्ट बसते ती नळी) चीर आणि तिच्या खालचं भोक, वरच्या नळीचा मागचा सांधा, बॉटम ब्रॅकेटच्या मागे दोन्ही चेन स्टे, ब्रेकचा कान (ब्रेक बसवायची पट्टी), आणि शेवटी ड्रॉपआउट. धागा अडकला तिथे टॉर्च आडवी धरा, समोरून नाही. आडव्या उजेडात रेघेला सावली पडते.

मग बोट डाउन ट्यूबच्या खालून पुढे न्या. हेड ट्यूबच्या मागे दोन-तीन बोटं अंतरावर फुगवटा किंवा सुरकुती लागली तर पुढून धडक झालेली आहे. एका ठिकाणचाच रंग नवीन असेल तर का, ते विचारा. स्टीलची असेल तर सीट पोस्ट काढून आत टॉर्च मारा. लाल पूड झटकून निघाली तर चालेल, पापुद्रे सुटत असतील तर नको.

मन साशंकच राहिलं तर डीपी टेस्ट, म्हणजे रंगीत द्रवाने तडा शोधायची चाचणी करून घ्या. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरा फवारा मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. फॅब्रिकेशनच्या मोठ्या कामांना ही चाचणी रोज लागते, त्यामुळे डबे ओळखीने मिळतात. मात्र रंग खरवडल्याशिवाय ही चाचणी खोटी ठरते.

घरी आणल्यावर

क्रोमोलीच्या नळ्यांत आतून जवसाचं तेल फिरवा. खाण्याचं नको, रंगाच्या दुकानात डबल बॉईल म्हणून मिळतं ते, कारण ते वाळून आत पापुद्रा धरतं. थोडं ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी कलती करायची, जास्तीचं निथळू द्यायचं आणि दोन-तीन दिवस टांगून ठेवायचं. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना हे तेल आपोआप तापतं आणि ढिगातली फडकी पेट घेऊ शकतात. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तर नक्कीच धोका आहे. ती पाण्यात बुडवून, पसरून वाळवा आणि मग टाका.

सीट पोस्टला ग्रीस लावा आणि महिन्यातून एकदा काढून पुन्हा घाला. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट ठेवून विसरलात तर घामाने आणि बोअरच्या पाण्याने दोन्ही धातू एकमेकांना धरतात, मग हातोड्यानेही सुटत नाहीत.

रंग द्यायचा झाला तर पावडर कोटिंगवाल्याला आधीच विचारा की साफ कसं करणार. सेव्हन टँकमध्ये, म्हणजे रसायनांच्या सात टाक्यांतून बुडवणार असेल तर थांबवा. त्यातलं ॲसिड क्रोमोलीच्या नळ्यांत आत अडकून राहतं आणि धातू ठिसूळ करू शकतं, आणि तेल काढायचा कॉस्टिक द्रव ॲल्युमिनियमला खातो. हाताने घासून, थिनरने पुसून काम होतं. ॲल्युमिनियम भट्टीत २०० अंशांच्या वर आणि गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवू देऊ नका. टी-६ ची ताकद तिथेही उतरते.

तपासणीचं वेळापत्रक मी असं पाळतो. दर रविवारी टॉवेल, पाच मिनिटं. जोराने पडलो की त्याच दिवशी पुन्हा टॉवेल, घरी नेण्याआधी तिथेच. महिन्यातून एकदा चाकं काढून टॉर्च. कर्रकर्र असा नवा आवाज आला तर आधी पेडल, क्रँक, हेडसेट घट्ट करून पाहतो; तरी गेला नाही तर फ्रेम.

ॲल्युमिनियममध्ये तडा पक्का झाला की फ्रेम भंगारवाल्याला देण्याआधी हॅकसॉने डाउन ट्यूब मधोमध कापा. माझी तुटलेली फ्रेम मी तशीच देणार होतो. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "दादा, वेल्डिंग करून मी घेतो की." त्याच्यासमोरच बसून मी तिचे चार तुकडे केले, आणि हेड ट्यूबचा तुकडा तडा दाखवायला ठेवून घेतला. कोणी फ्रेम घ्यायला आलं की तो आधी त्याच्या हातात देतो, टॉवेलच्या तुकड्यासोबत.